मागे घ्यायची गाडी

आरोग्य केंद्रात तान्ह्या बाळांच्या बाबांचा वर्ग भरायचा होता. बायकोने धाडलेला शिंपी सटकायच्या बेतात होता, तेवढ्यात शेजारच्या बाकावर ट्रकवाला आणि त्याचा मेव्हणा बोलायला लागले.

"दाजी, परत आलात? तुम्हीच म्हणाला होता ना, एवढ्याशा पोरीशी बोलायचं काय?"

"वर्गातल्या बाई म्हणाल्या, जे येतं ते बोला. मला येतं काय? गाडी मागे घेताना ओरडायचं!"

"म्हणजे?"

"ती रांगायला बघत होती. मी मागे बसलो, जमिनीवर थाप मारली. येऊ दे, येऊ दे, अजून येऊ दे!"

"मग?"

"आली की! उलटी. आता पुढे जायचं नावच घेत नाही."

"ताई भडकली असेल."

"मग! तिनेच पिटाळलंय, बाईंना विचारून या म्हणून."

"विचारा की मग."

"विचारतो रे. पण आधी कसं, फेरीवरून आलो की माझं तोंड बघून भोकाड पसरायची. आता आवाज दिला की मागे वळूनसुद्धा बघत नाही. सरकत सरकत येते ती थेट मांडीत."

"मग विचारायचं ना बाईंना?"

"विचारू सावकाश. एवढी काय घाई आहे?"

शिंपी उठला, वर्गाच्या दारापाशी जाऊन थबकला.

"दादा, चपला बाहेरच काढायच्या ना?"