लोकर सुटतेय

इद्वाल : ती किटली बंद कर, मोर्विथ. चहा प्यायला नाही आलो मी.

मोर्विथ : मग बूट बाहेर काढून ये. भांडायला आलेल्यांचेही बूट बाहेरच निघतात माझ्याकडे.

इद्वाल : हे बघ आधी.

मोर्विथ : लोकर आहे. उचल तिथून, त्या टेबलावर मी पाव कापते.

इद्वाल : तुझ्या मेंढवाड्याच्या खांबाला चिकटली होती. आत्ता ओढून आणली. मुळाशी पिवळी खपली बघ. ऑक्टोबरात सगळ्यांनी डोंगरावरून कळप उतरवले, तेव्हा माझ्या सात मेंढ्या तुझ्या कळपात आल्या. आठवडाभर त्याच खांबाला अंग घासत उभ्या होत्या. आज माझ्या चाळीस मेंढ्या खाजवतायत.

मोर्विथ : चुकलेली मेंढी आली की कानावरची मालकाची खूण बघायची, त्याला निरोप द्यायचा, तो येईपर्यंत सांभाळायची. तुझ्या बापाने तेच केलं, माझ्या सासऱ्यांनीही. मी काय रस्त्यावर सोडायच्या होत्या?

इद्वाल : सांभाळलंस, चारा घातलास, त्याबद्दल नाही बोलत. परत देताना सोबत काय दिलंस ते बोल.

मोर्विथ : उवा असतील.

इद्वाल : उवा. काल एका मेंढीच्या बरगड्यांवर नुसता हात घासला, तर डोळे मिटून ओठ चावत बसली. उवांनी असं होत नाही. कशाने होतं ते तुला माहीत आहे.

मोर्विथ : मला कशाला माहीत असेल?

इद्वाल : तुझ्या शेडमध्ये पाठीवर ओतायच्या औषधाचे तीन डबे आहेत. धुऊन उलटे ठेवलेस, वर कोळ्याने जाळं केलंय. ते औषध माशीचं आणि उवांचं, मोर्विथ. या किड्याला त्याचं काही होत नाही. त्याला औषधाच्या हौदात बुडवावं लागतं मेंढीला, डोक्यासकट. हे मी तुला शिकवायचं?

मोर्विथ : हौदाला चार माणसं लागतात. नवरा गेल्यापासून या घरात माणसं म्हणजे मी आणि कुत्री. बाहेरून हौदवाले बोलवावेत, तर त्यांची लॉरी अख्ख्या खोऱ्याला दिसते.

इद्वाल : म्हणजे माहीत होतं.

मोर्विथ : संशय होता.

इद्वाल : संशय. पंधरा दिवसांत बर्फ पडेल. अर्धी लोकर गेलेली मेंढी त्यात किती दिवस टिकेल? आणि त्या मेल्या तर मी दुसऱ्या कुठून आणू? वर डोंगरावर कुंपण नाही. बाजारातून आणलेली मेंढी पहिल्याच दिवशी खाली डांबरी रस्त्यावर येते. माझ्या मेंढ्यांना तो उतार त्यांच्या आयांनी दाखवला, त्यांना त्यांच्या आयांनी. एकदा तुटलं की संपलं. आणि तू तोंडातून एक शब्द काढला नाहीस.

मोर्विथ : काढला.

इद्वाल : खोटं बोलू नकोस.

मोर्विथ : सुगीच्या प्रार्थनेनंतर, चॅपलच्या पायरीवर. तू मेंढ्या न्यायला आलास त्याच्या आदल्या दिवशी. मी म्हटलं, इद्वाल, माझ्या मेंढ्यांची लोकर सुटतेय.

इद्वाल : लोकर काय, कशानेही सुटते.

मोर्विथ : टोपी काढलीस. टकलावरून हात फिरवलास आणि म्हणालास, त्यात काय, माझीही सुटली. पेन्री हसला. पाळकसुद्धा हसले. त्या हशावर खूश होऊन गाडीत बसलास.

इद्वाल : गंमत केली मी.

मोर्विथ : या खोऱ्यात लोकर सुटतेय म्हणजे काय ते तुला शाळेपासून माहीत आहे. तुझ्या बापाने माझ्या सासऱ्यांना त्याच दोन शब्दांत सांगितलं होतं. त्यांनी काही विचारलं नाही, दुसऱ्या दिवशी हौद भरला.

इद्वाल : मग सरळ नाव घ्यायचं.

मोर्विथ : पायरीवर? पेन्रीसमोर? तू घेतोस? मघापासून माझ्या स्वयंपाकघरात ओरडतोयस, हा किडा, कशाने होतं. एकदा तरी नाव आलं तोंडात? मेंढ्या न्यायला आलास तेव्हा मी फाटकाशी उभी होते, तू विचारशील म्हणून. तू म्हणालास, थंडी पडली यंदा लवकर.

इद्वाल : कळलं होतं मला.

मोर्विथ : काय कळलं होतं?

इद्वाल : पायरीवरच. पुढच्या आठवड्यात एडक्यांचा बाजार होता. विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस, आणि मग माझा एकही एडका घराबाहेर काढता आला नसता. म्हणून टकलावर नेलं.

मोर्विथ : आणि गेले ते एडके?

इद्वाल : तीन. नदीपलीकडे.

मोर्विथ : आणि माझ्या टेबलावर लोकर आपटतोस. माझ्या.

इद्वाल : फोन कुठाय?

मोर्विथ : जिथे तीस वर्षं आहे तिथेच. कोणाला करतोस?

इद्वाल : पेन्रीला. डोंगराचं कामकाज तोच बघतो. तिथे मेंढ्या सोडणाऱ्या सातही घरांनी एकाच दिवशी हौद भरायला हवा. एक घर राहिलं की परत सगळ्यांना.

मोर्विथ : तो विचारेल, कोणाकडून आली.

(इद्वाल नंबर फिरवतो.)

इद्वाल : पेन्री, हेन्द्रेचा इद्वाल. नाही, बुल्खहून बोलतोय, मोर्विथच्या घरून. ऐक. डोंगरावर खरूज आली आहे. नाही, लोकर सुटतेय नाही म्हणालो. खरूज म्हणालो, खरूज. माझ्या कळपात. माझे तीन एडके नदीपलीकडे गेलेत, त्या लोकांना मी आजच सांगतो. कुठून आली? ते काही माहीत नाही.

मोर्विथ : दे इकडे.

इद्वाल : मी बोलतोय ना.

मोर्विथ : दे म्हणते. पेन्री, मोर्विथ. खरूज माझ्याकडून गेली. सप्टेंबरपासून आहे. हो, लिहून घे. आणि या वेळी हसू नकोस.

इद्वाल : फोन ठेवला त्याने?

मोर्विथ : शनिवारी सगळे येतायत. पहिला हौद माझ्या अंगणात.

इद्वाल : चार माणसं लागतात म्हणालीस. मी सकाळी सहालाच येतो.

मोर्विथ : ये.

इद्वाल : किटली लावतेस?

मोर्विथ : बूट काढ आधी.