उतारावरची कर्रकर्र

नाही हो, मशीनला शिव्या देऊ नका, त्या बिचाऱ्याचा काय दोष — ठेवा इथे काउंटरवर, आडवं नको, असं, दांडा भिंतीला टेकवून — आणि बसा. स्टूल जरा डुगडुगतं, डावीकडे रेलून बसलात तर पडणार नाही. हं, तर काय म्हणत होतात? सोनं शोधायला म्हणून हौसेनं हे मेटल डिटेक्टरचं मशीन घेतलं आणि ते नुसतं कर्र कर्र करतं. जमिनीला लावा, ओरडतं. वर धरा, तरी ओरडतं. बरोबर? मग ऐका — आणि बाईमाणूस ह्यातलं काय सांगणार, असं तोंड करू नका. केलंत, मी बघितलं ना! एकवीस वर्षं ह्या काउंटरमागे आहे मी. दुरुस्तीचा हात आमच्या ह्यांचा, पण रोग ओळखायचं काम माझं. हे लगेच स्क्रू उघडायला धावतात, मी आधी गिऱ्हाइकाला उघडते. दहातले आठ बिघाड गिऱ्हाइकातच निघतात.

आता सांगा, मोबाइल कुठे असतो तुमचा? खिशात. कुठल्या? — ज्या हातात मशीन, त्याच बाजूच्या. वा! तुमच्यासारखेच एक हेडमास्तर आले होते मागे, नुकतेच रिटायर झालेले. एका सकाळी अकरा खड्डे खणले त्यांनी. जिथे वाकतील तिथे मशीन किंचाळायचं, उभे राहिले की आवाज कमी. मास्तर खूश, की सगळं माळरान सोन्यानं भरलंय! सदऱ्याच्या वरच्या खिशात मोबाइल, तोही आवाज बंद करून ठेवलेला, आणि बायको घरून सारखी फोन करतेय, जेवायला या म्हणून. अकरा खड्डे खणून झाल्यावर अकरा मिस्ड कॉल दिसले. तेव्हा मोबाइल घरी ठेवायचा, नाहीतर बंद करून पाठीवरच्या पिशवीत. बूट बघू? — वर करा पाय, लाजताय काय — हं, पुढे लोखंडी टोपी आहे ह्याला. कारखान्याचे बूट घालून सोनं शोधायला जाता आणि मशीन बुटावर ओरडलं की राग येतो! साधे कापडी बूट घाला. अंगठी काढून ठेवायची. नाही निघत? साबण लावा. तरी नाही निघाली तर दुसऱ्या हातानं मशीन धरा, बायकोशी भांडण नको.

आणि हे काय! सेन्सिटिव्हिटीचं बटण पार शेवटच्या टोकाला! मला माहीतच होतं. सगळे हेच करतात हो — पूर्ण फिरवलं की मशीन खूप खोलवर बघेल, असं वाटतं. बघतं की! जमिनीतलं बघतं, हवेतलं बघतं, लांबच्या विजेच्या तारेतलं बघतं, आणि सगळं एकदम तुमच्या कानात ओततं. निम्म्यावर आणायचं. मग आवाज थांबेल तिथून हळूहळू चढवायचं. ही वायर बघा, दांड्याला कशी सैल गुंडाळलीय — चालताना हलते, आणि तिच्या हलण्यालाच मशीन सोनं समजतं. थांबा, मी घट्ट करून देते. झालं. आता डोक्यावरची ही ट्यूब बंद करते, तीही ह्याला सहन होत नाही — ऐका. ऐकलंत? काही नाही. एकदम चिडीचूप. चला, बरं झालं तुमचं मशीन.

काय? घरी अंगणातही असंच शांत असतं? मग आधी नाही का सांगायचं, उगाच बूट वर करायला लावले तुम्हाला! म्हणजे फक्त तिथेच ओरडतं. कुठे? — जुन्या खाणीच्या टेकडीवर. पुढच्या अंगाला की मागच्या? मागच्या उतारावर. आश्चर्य आहे. तिथे विजेचा खांब नाही, टॉवर नाही, कुंपणाची तारसुद्धा नाही. मला पाठ आहे तो उतार. आम्ही दोघं दर रविवारी जायचो ना, चौदा वर्षं! दोघांची दोन मशीनं, एकाच कंपनीची. आणि एकाच कंपनीची दोन मशीनं जवळ आली की एकमेकांवर ओरडतात, माहितेय ना? पहिल्याच दिवशी हे शेजारी येऊन उभे राहिले, प्रेमानं हो, आणि दोन्ही मशीनं अशी काही भांडायला लागली! तेव्हापासून पन्नास पावलांचा नियम. हे तिकडे, मी इकडे. लोक विचारतात, इतकी वर्षं संसार कसा टिकला — पन्नास पावलांवर टिकला. सापडलं काय म्हणाल तर माझ्या नखाएवढं सोनं, चौदा वर्षांत. पण हे घरी यायचे ते राजासारखे.

आता नाही जात. सात महिने झाले. ह्यांचं हृदय — दोन ठिकाणी अडलं होतं, मोठं दुखणं झालं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, सपाटीवर चाला हवं तितकं, पण टेकडी बंद. मी त्याच दिवशी दोन्ही मशीनं कपाटात घातली, कुलूप लावलं, किल्ली ही इथे, माझ्या जुडग्यात. झोपतानासुद्धा उशाखाली असते. भांडले नाहीत, काही नाही, गप्पच झाले. त्या गप्प बसण्यानं मला जास्त भीती वाटायची. पाच महिने तसेच, भिंतीकडे तोंड करून. ताट समोर ठेवलं की जेवायचे, विचारलं की हो म्हणायचे. अंगात माणूसच नाही असं वाटायचं बघा. पण आता बरे आहेत, नजर नको लागायला! दोन महिने झाले, रोज सकाळी बागेत फिरायला जातात, मागून भाजी वाढून घेतात, परवा तर आंघोळ करताना गात होते. मी माझ्या वहिनीला म्हटलंसुद्धा, शेवटी माझ्या अळणी स्वयंपाकाचा गुण आला.

पण ते जाऊ दे, तुमचं बघू. तार नाही, टॉवर नाही, मग एकच उरलं — तिथे जवळपास दुसरं कुणीतरी मशीन फिरवतंय. अगदी तुमच्याच जातीचं. हे मॉडेल आमच्याकडेही आहे म्हणून सांगते. उपाय सोपा आहे. हे बटण दिसतंय? मशीन हवेत धरायचं, स्थिर, आणि हे दाबून ठेवायचं, पीप वाजेपर्यंत. रेडिओचं स्टेशन सरकवावं तशी मशीन आपली जागा जरा सरकवून घेतं, मग शेजारच्याचा त्रास होत नाही. आता करून देते, एका मिनिटाचं काम — तुम्ही दांडा धरा. तिथे कुणी दिसत नाही? झुडपांमागे असेल. किती दिवसांपासून आहे हा त्रास?

दोन महिने.

नाही नाही, काही नाही, धरा तुम्ही. रोज असतो? रविवारी नाही. रविवारी का नाही? — तुम्हाला कसं माहीत असणार म्हणा. आणि सकाळचाच. आठ ते नऊ. मग सलग कर्रकर्र असते की थांबून थांबून? असं. चार-पाच मिनिटं ओरडतं, मग तेवढाच वेळ गप्प, मग पुन्हा. म्हणजे चार-पाच मिनिटं चालायचं आणि मग बसायचं. दम खायला बसायचं. थांबा, हे बटण नका दाबू — माझंच बोट आहे होय, मीच काढते. एक विचारू? हसू नका. शिंका ऐकू येतात का तिकडून? येतात! किती? अहो, म्हणजे एका वेळी किती — मोजल्या असतील तुम्ही, कुणीही मोजेल. सात. बरोबर सात.

लबाड माणूस! बागेत जातो म्हणे! रविवारी दुकान बंद, मी मोकळी असते, बागेत सोबत येईन म्हणते, म्हणून रविवारची सुट्टी! आणि मी रोज डब्यात सफरचंदाच्या फोडी करून देते, बागेत बाकावर बसून खा म्हणून. पण मशीन कुठलं? किल्ली तर माझ्याकडे — अगं बाई. ती कॉइल. मागच्या खोलीतल्या मालात एक कॉइल, ही दांड्याखालची गोल चकती हो, कमी भरली, मी माल पाठवणाऱ्याशी फोनवर भांडले, त्याला नको नको ते बोलले, आणि हे शेजारी बसून ऐकत होते! म्हणाले, जाऊ दे गं, होते चूक एखाद्याकडून. बनवलं असणार ह्यांनी मशीन, सुट्या भागांचं, ह्याच टेबलावर, मी वर स्वयंपाक करत असताना. आणि सेल! खोक्यातले सेल संपतात तरी कसे म्हणून मी भिंतीवरचं घड्याळ बदललं हो, ते फार सेल खातं म्हणून!

हसा तुम्ही, हसा. मलाही हसू येईल, पण संध्याकाळी. आत्ता हे आल्यावर काय काय बोलायचं ते मी मनात मांडतेय, आणि बरंच झालंय. काय म्हणालात? आज तुम्ही तिथूनच आलात. आणि आज मशीन आपोआप बरं झालं. म्हणजे? — साडेआठला ओरडत होतं, मग गप्प झालं, आणि पुन्हा ओरडलंच नाही. नऊ वाजेपर्यंत थांबलात, नाही ओरडलं. एकदासुद्धा नाही. आता किती वाजले? सव्वादहा. तुम्ही झुडपांमागे जाऊन बघितलं का? नाही. हो, तुम्ही कशाला बघाल, तुम्हाला बरंच वाटलं असणार. शिंका? शिंकाही नाहीत. माझा फोन कुठे ठेवला मी? इथेच होता. तुमच्या मशीनखाली — द्या, द्या लवकर.

वाजतोय. उचलत नाहीयेत. तो उतार निसरडा आहे हो, आणि खाली कुणाचं घर नाही, हाक मारली तरी कुणाला ऐकू जाणार नाही. पुन्हा लावते. दोन महिने मला कळलं नाही, एवढी कशी मी बावळट, माणूस गायला लागला तेव्हाच समजायला हवं होतं — हॅलो! हॅलो, अहो! कुठे आहात? काही नाही, सहज केला. सहज म्हटलं ना! आवाजाला काय झालंय माझ्या? सर्दी झालीय. तुम्ही कसे आहात? छातीत, दम वगैरे — बरं, बरं, नाही विचारत. बागेतून निघालात. हं. गर्दी होती का बागेत? अस्सं. सफरचंद खाल्लंत? काय पाहिजे? सेल? मध्येच संपले — कशातले? भिंतीवरच्या घड्याळातले. ते तुम्हाला बागेत बसून कळलं? — नाही हो, कुठे काय म्हणते मी! आहेत ना, नवीन खोका आलाय. किती काढून ठेवू? आठ. घड्याळाला आठ. बरं, ठेवते आठ. सावकाश या. सावकाश म्हणजे खरंच सावकाश, रस्ता ओलांडताना बघून. ठेवू? ठेवते.

एक मिनिट. पाणी पिते जरा. बसा हो तुम्ही, डावीकडे रेलून.

आहेत. धडधाकट आहेत. सेल संपले होते, बस. जीव गेला होता माझा, आता आला. राग आलाय ना, खूप राग आलाय, एकवीस वर्षांत एवढा आला नव्हता. आणि भीतीही वाटते, ती तर वाटणारच. आत्ता आले की म्हणेन काढा ते मशीन बाहेर, घालेन कपाटात, लावेन कुलूप. जमेल मला. पण मग पुन्हा ते भिंतीकडे तोंड करून बसतील, विचारलं की हो म्हणतील, आणि मी रोज ताट वाढेन त्या माणसापुढे. पाच महिने काढलेत मी तसे. तुम्हाला नाही कळायचं, तुमचं वय नाही. ऐकलात ना आता आवाज? नाही ऐकलात, फोन माझ्या कानाला होता. शाळा चुकवून आल्यासारखा आवाज होता त्यांचा. किती वर्षांनी ऐकला मी.

तेव्हा असं करा. हे मशीन घ्या. नाही, बटण नाही दाबलेलं, आणि तुम्हीही दाबायचं नाही. मोबाइल पिशवीत, बूट बदला, सेन्सिटिव्हिटी निम्म्यावर — ते सगळं करा, पण ही कर्रकर्र राहू द्यायची. सोनं शोधायचं तर मधल्या त्यांच्या विश्रांतीत शोधा. रोज जाता ना तिथे? आठ ते नऊ जा. पन्नास पावलांच्या आत राहा, त्यांना दिसू मात्र नका, भारी मानी माणूस आहे. ओरडतंय तोवर ओरडू दे. गप्प झालं की घड्याळ बघायचं. पाच मिनिटं ठीक, दहा मिनिटं ठीक. पंधरा झाली की झुडपांमागे जायचं आणि मला फोन करायचा — हा घ्या नंबर, हातावरच लिहिते, कागद हरवाल तुम्ही. पैसे? कसले पैसे, मी काही दुरुस्तच नाही केलं. उलट तुमचंच माझ्यावर — जाऊ दे. कराल ना? मान नुसती हलवू नका, तोंडानं सांगा. हं.

आणि मी डॉक्टरांना विचारून घेते, सपाटी म्हणजे किती चढापर्यंत सपाटी. काहीतरी मधलं असेलच. उद्यापासून डब्यात सफरचंदाच्या जोडीला पाण्याची बाटलीही देईन, बागेत फार ऊन असतं ना — बाई गं, कोपऱ्यावर दिसतायत. तेच, टोपीवाले, गुडघ्यापर्यंत माती! बागेतली म्हणे! उठा, उठा, तुमचं मशीन बघितलं तर एका नजरेत ओळखतील, की टेकडीवर ह्यांच्या मशीनशी भांडणारं ते हेच. पुढून नको, मागच्या दारानं जा. दांडा खाली धरा, चौकटीला लागेल. आभार नंतर. जा म्हणते ना!