शेततळ्यातले सत्कारमूर्ती

(मे महिन्यातली दुपार. रावेर तालुक्यातला केळीचा मळा. मळ्यात शेततळं; आतून प्लास्टिकचा काळा कागद, खोली पंधरा फूट. पाण्यात दोघं. सासरे चुडामण, वय अठ्ठावन्न. सून भूमिका, वय सत्तावीस.)

चुडामण : सोडू नको! सोडू नको म्हनतो ना!

भूमिका : नाना, मी धरलेलंच नाहीये. तुम्ही माझा दंड धरलाय. मुंग्या आल्या हाताला.

चुडामण : तू धरेल नही? मंग मी कशावर हाये?

भूमिका : पाठीला केळीचे दोन खांब बांधलेत ना, त्यांच्यावर. एवढ्यावर म्हैस तरंगेल.

चुडामण : म्हशीचं अन् माह्यं वजन काहून एका जागी आनू राह्यली?

भूमिका : बरं, चुकलं. आता पाय मारा. सायकल नाही चालवायची, पाय सरळ. मान वर. तोंड मिटा, नाना, तोंड!

चुडामण : तोंड मिटलं त ओरडू कशानं?

भूमिका : ओरडायचं नाहीच आहे. आज आठवा दिवस. पहिल्या दिवशी आपलं काय ठरलं होतं?

चुडामण : ह्या काठावरून त्या काठावर गेलो, का लोकाइले खरं काय ते सांगून टाकायचं.

भूमिका : आणि माझी मुलाखत?

चुडामण : उद्या. अकरा वाजता. जयगावले.

भूमिका : म्हणजे पलीकडे जायला तुमच्याकडे आजची दुपार आहे. नाहीतर न पोहताच सांगून टाका. सोपं आहे ते.

चुडामण : सोपं कसं? पोहता येत नसताना सांगितलं, त मी खोटा बी अन् बुडका बी. पोहता आलं म्हंजे निदान अर्धंच खोटं राह्यतं.

भूमिका : अर्धं?

चुडामण : हां. लोक म्हनतीन, मानूस पोहनारा होता, त्या दिवशी जरा इकडचं तिकडं झालं.

भूमिका : जरा? दिवाळीच्या आधी तुम्ही पंपाची जाळी साफ करताना इथेच घसरलात. मी साडीसकट उडी मारली. नव्वद किलो...

चुडामण : ब्याऐंशी.

भूमिका : ओले नव्वद. तेवढे काठापर्यंत ओढले, दोराला लावले, खालून ढकलून वर चढवले. मग मला दम लागला म्हणून पाच मिनिटं आडवी पडले. तेवढ्यात केळी कापणारी माणसं धावत आली.

चुडामण : तू आडवी, मी उभा. त्याइनं मले इचारलं, "नाना, वाचली का सूनबाई?" मी म्हटलं, "हो." त वाचेल नव्हती का तू? त्यात खोटं कोठी हाये?

भूमिका : दुसऱ्या दिवशी पेपरात, "धाडसी सासऱ्याने सुनेला मृत्यूच्या दाढेतून ओढले."

चुडामण : ते झुलालनं छापलं. मी फक्त फोटो देल्ला.

भूमिका : लग्नातला. फेट्यातला.

चुडामण : चांगला तेवढाच होता.

भूमिका : मग चौकात फ्लेक्स. तुम्ही, डोळ्यांवर गॉगल आणि मागे डॉल्फिन.

चुडामण : डॉल्फिन मी नव्हता सांगेल. फ्लेक्सवाल्यानं त्याच पैशात टाकून देल्ला.

भूमिका : पाच सत्कार झाले, नाना. पाचही ठिकाणी मला स्टेजवर बसवलं, का तर वाचवलेली सून लोकांना दिसली पाहिजे. पतसंस्थेत तुम्हाला शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ. आणि मला काय दिलं?

चुडामण : ट्यूब.

भूमिका : हवेची. बदकाच्या तोंडाची.

चुडामण : मजबूत हाये ती.

भूमिका : मग आज तीच घालायची होती ना! हे खांब कशाला तोडले?

चुडामण : सत्कारमूर्तीनं बदक घालावं?

भूमिका : घालू नका. पण एक सांगते, मी आजपर्यंत बोलले नाही. माझे बाबा तीस वर्षं धुळ्यात पोरांना पोहायला शिकवतात. आता लोक त्यांना विचारतात, "सर, घरच्या पोरीला शिकवायचं राहिलं वाटतं?"

चुडामण : व्याही मले त काही बोलले नही.

भूमिका : तुम्हाला नाही बोलणार ते. मलाही बोलत नाहीत. फोनवर हवापाण्याचं विचारायचे, आता नुसतं हवेचं विचारतात. आणि जळगावच्या ज्या शाळेत माझी मुलाखत आहे, तिथले मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, राज्य पातळीचं पदक आहे, उत्तम. पण मोबाईलवर तुमचं नाव टाकलं की तुम्ही बुडताना निघता. पोहायला शिकवणाऱ्या बाईंनाच सासऱ्यांनी पाण्यातून काढलं, हे पालकांना कसं सांगू? खुलासा आणा. नाहीतर उद्या दुसरं नाव पक्कं करतो."

चुडामण : चल. सरक बाजूले. जातोच मी पलीकडं.

भूमिका : हळूच. हात पुढे, पाणी मागे. छान. छान चाललंय. नाना, डावीकडे कुठे? सरळ. अहो, खांब वर सरकतायत, पोट आत घ्या, पोट...

चुडामण : भूमि... बुड बुड...

भूमिका : आले, आले! पालथे झालात. हं, उलटे व्हा. श्वास घ्या. थुंका.

चुडामण : आभाय कोठी गेल्तं?

भूमिका : जागेवरच होतं. बास झालं. बाहेर निघू, पाच मिनिटं बसू. तो दोर घ्या.

चुडामण : कोनता?

भूमिका : चढायचा. काठावरच्या खुंटाला बांधलेला असतो तो. अरे, दिसत कसा नाही? कुठे गेला?

चुडामण : पाठीवर.

भूमिका : कोणाच्या?

चुडामण : माह्या. खांब बांधाले सुतळी पुरली नही. मंग म्हटलं, रिकामा लोंबकळतो हा दोर, त...

भूमिका : रिकामा? नाना, तोच तर बाहेर यायचा रस्ता आहे!

चुडामण : तुले त पोहता येते.

भूमिका : पोहता येतं, पण प्लास्टिक नाही चढता येत! या कागदावरून बेडूक चढत नाही. काल दोन मेलेले काढले मी.

चुडामण : मंग हे शिकवायच्या आधी सांगायचं ना. बाहेर निघनं हा पह्यला धडा पायजे.

भूमिका : आता काय करायचं? सासूबाई लग्नाला पाचोऱ्याला. तुमचे चिरंजीव हेमराज केळीच्या गाडीबरोबर, संध्याकाळी येणार. असं करा, इथे काठाशी या. मी खाली पाणी मारत थांबते. माझ्या खांद्यावर पाय द्या आणि वर चढा.

चुडामण : सुनेच्या खांद्यावर पाय? लोक काय म्हनतीन?

भूमिका : दिवाळीपासून उभेच आहात की. द्या पाय. हं. आता वर हात टाका. अजून. अजून थोडं...

चुडामण : आलो, आलो, आलो... गेलो!

भूमिका : नाना! आहात ना?

चुडामण : हाये. धोतर गेलं वाटते.

भूमिका : मी बघत नाही. तुम्हीच शोधा.

चुडामण : घावलं. खांबाले अडकेल होतं.

भूमिका : मोटरसायकल! ऐकलं? कोणीतरी आलंय. ओ! इकडे! तळ्यात आहोत आम्ही!

चुडामण : अयाय. फटफटीचा आवाज झुलालचा हाये.

झुलाल : कोण ओरडतंय? वहिनी? नाना! अरे देवा. पुन्हा?

भूमिका : झुलालभाऊ, आधी...

झुलाल : कोणीही हलू नका! मोबाईल आडवा धरू द्या. नमस्कार, मी झुलाल, आपला तालुका प्रतिनिधी, थेट घटनास्थळावरून. प्राथमिक माहितीनुसार, एकदा बुडूनही धडा न घेतलेली सून...

भूमिका : धडा? मी?

झुलाल : ...आणि पुन्हा देवासारखे धावून आलेले तेच सासरे! नाना, इकडे कॅमेऱ्यात. सुनेला वाचवताना मनात काय दाटून आलं?

चुडामण : पानी.

झुलाल : नाही, मनात.

चुडामण : सगयीकडं पानीच हाये रे! दोर पाह्य एखादा!

झुलाल : पाहतो, पाहतो. पाठीवर हे काय बांधलंय? केळीचे खांब? वा! "शेतकऱ्याने केळीपासून साकारले जीव वाचवणारे यंत्र." नाना, तुम्ही कमाल आहात. आणि योग पाहा, मी तुमच्याकडेच येत होतो. जिल्ह्याच्या जीवरक्षक पुरस्काराचा अर्ज आणलाय, सही पाहिजे होती. आता जिल्हा कशाला? एकच सून, दोन वेळा! हा विषय राज्याचा झाला.

चुडामण : राज्याचा?

झुलाल : मुंबईला बोलावतील. एकवीस हजार आणि ढाल.

चुडामण : ढाल बी देतीन?

भूमिका : नाना.

चुडामण : आयकू राह्यलो मी.

भूमिका : मी काही म्हणत नाहीये. आधीही नव्हतं म्हटलं.

झुलाल : वहिनी, तुम्ही जरा कमी हला. बुडणाऱ्यानं इतकं व्यवस्थित पोहू नये, व्हिडिओत बरं दिसत नाही.

चुडामण : झुलाल. मोबाईल चालू हाये का?

झुलाल : चालू आहे. बोला.

चुडामण : तिनं मले वाचवलं.

झुलाल : कोणी?

चुडामण : हिनं. भूमिकानं. दिवाळीच्या आधी बी हिनंच काढेल होतं मले. ते तुम्ही उलटं छापलं, अन् मी छापू देल्लं.

झुलाल : वा! काय मोठं मन आहे, नाना! "श्रेय सुनेच्या पदरात टाकणारा सासरा." डोळ्यात पाणी आलं माझ्या.

चुडामण : अरे येड्या, मले पोहता येत नही!

झुलाल : आणि किती विनम्र.

भूमिका : झुलालभाऊ, खरं सांगतायत ते. मी आठ दिवसांपासून त्यांना शिकवतेय.

झुलाल : वहिनी, तुम्ही धक्क्यात आहात. आणि बघा, आधीच्या बातमीवर मला संपादकांचं प्रशस्तिपत्र आहे. ती बातमी अशी कोणाच्या तोंडी सांगण्यावर फिरवता येत नाही. काही दिसायला पाहिजे. मला तर दिसतंय की नाना तरंगतायत आणि शेजारी तुम्ही.

चुडामण : दोर घावला का तुले?

झुलाल : मळ्यात ठिबकची नळी आहे नुसती. ओढली की तुटेल. माझ्या गाडीला पण काही नाही.

चुडामण : दोर माह्या पाठीवर हाये.

भूमिका : राहू द्या, नाना. झुलालभाऊ हेमराजला फोन करतील. तो सावद्याहून दोर घेऊन येईल, तासाभरात. तोवर खांबावर तरंगा.

चुडामण : तासभर हा असाच बोलत राह्यला, त मी ढाल घेऊन बाहेर येईन. मले ठाऊक हाये ना मी कसा हाये ते. गाठ सोड.

भूमिका : गाठ सुटली की खांब सुटतील. तुम्ही सरळ खाली जाल.

चुडामण : तू हाये ना.

भूमिका : हात खाली घ्या मग. ओली गाठ आहे. थोडं थांबा. निघाली. नाना, श्वास भरून घ्या.

चुडामण : भरला. नही, थांब... धर! धर! धर!

भूमिका : धरलंय. हनुवटी माझ्या कोपरात. गळा सोडा माझा. अंग सैल. अजून सैल. लाथा नका मारू, मी आहे. झुलालभाऊ, दोर फेकते, एका हातानं फेकतेय, सांभाळा!

झुलाल : आला. आला हातात.

भूमिका : खुंटाला बांधा. दुहेरी गाठ मारा आणि ओढून बघा.

झुलाल : बांधला. पक्का आहे. हे टोक धरा, ओढतो वर.

चुडामण : थांब. ओढू नको.

झुलाल : नाना, तुम्ही लटलट कापताय.

चुडामण : कापू दे. पानी गार हाये. आधी इकडं पाह्य. खांब तढी त्या कोपऱ्यात गेले. दिसले का?

झुलाल : दिसले.

चुडामण : मंग मी कशावर हाये?

झुलाल : वहिनींच्या... हातावर.

चुडामण : मोठ्यानं सांग, मोबाईलमंधी गेलं पायजे.

झुलाल : वहिनींनी नानांना धरलेलं आहे. एका हातानं.

चुडामण : लिही. आधीची बातमी खोटी होती, चुडामणनानानं खोटं चालू देल्लं. आजच टाक, संध्याकायच्या आत. अन् मथळ्यात तिचं नाव पूर्न टाक. नुसतं "सून" नको.

झुलाल : फ्लेक्स?

चुडामण : उतरव. डॉल्फिनसकट. भूमिका, तुह्या वडिलाइचं पूर्न नाव काय?

भूमिका : रुपचंद दगडू चौधरी.

चुडामण : ते बी लिही. धुळ्याचे रुपचंद चौधरी सर, त्याइनं शिकवेल हाये हिले. हे वरतीच टाक, खाली बारीक अक्षरात नको.

झुलाल : अर्ज मग?

चुडामण : फाड. आता फोटो काढ.

झुलाल : काढला. पण नाना, यात तुम्ही फार घाबरलेले दिसता हो. डोळे बाहेर, तोंड उघडं, वहिनींच्या मनगटाला नखं लावलेली. जरा शांत चेहरा करा, दुसरा काढतो.

चुडामण : नको. हाच छाप.