सोमवारचा आकडा

नोलीन : तुझ्या शेडमागे बघून आलेय मी, डेस. जस्ताच्या भुकटीच्या अकरा पिशव्या. रिकाम्या.

डेस : आधी आत तर ये. चहा टाकतो.

नोलीन : कधीपासून घालतोयस तुझ्या गाईंच्या पाण्याच्या हौदात?

डेस : झाले असतील तीन आठवडे.

नोलीन : तीन आठवडे! आणि दर सोमवारी माझ्या फाटकावरच्या पेटीतून गवताची पिशवी तपासायला नेऊन फोनवर मला काय सांगत होतास? "गवतात बुरशीचे बाराच हजार कण, नोलीन. निवांत झोप."

डेस : थोडं कमी सांगितलं.

नोलीन : थोडं? आज गुरांच्या डॉक्टरकडून मोजून आणलं. नव्वद हजार! तीस हजारांवर गेलं की गाईंचं यकृत वाचवायला जस्त सुरू करायचं, हे आपल्या रस्त्यावरच्या सगळ्या शेतकऱ्यांना शिकवलं कोणी? तूच ना?

डेस : शुक्रवारी गिऱ्हाईक यायचं होतं गं, माझा सगळा कळप विकत घ्यायला. इथलं गवत बिघडलंय हे कळतं, तर फाटकातूनच परत गेलं असतं. आणि तू जस्त घालायला लागलीस की दुपारपर्यंत सगळ्या मोरिन्सव्हिलला कळतं.

नोलीन : मला सांगायचं होतंस. गप्प बसले असते.

डेस : तू? आणि गप्प?

नोलीन : हसू नकोस. एकवीस गाई कुंपणाच्या सावलीला चिकटून उभ्या आहेत माझ्या. अंगावर ऊन पडलं की पाय आपटतात. पिपीच्या सडांची सालं निघतायत. सकाळी दूध काढायचं यंत्र लावायला गेले तर लाथ मारली तिने. पिपीने! आठ वर्षांत पहिल्यांदा.

डेस : माझ्याकडे उरलंय जस्त. आत्ता आणून देतो, लगेच घाल.

नोलीन : यकृत गेल्यावर? आधी द्यायचं असतं ते. हेही तुझंच शिकवणं. माझा नवरा मर्व्हिन गेला तेव्हा सगळे म्हणाले, गाई विकून टाक. मी म्हटलं, कशाला? डेस आहे ना शेजारी.

डेस : चुकलं माझं, नोलीन. काय करू, सांग.

नोलीन : कण मोजायचा तो मायक्रोस्कोप माझ्या गाडीत ठेव. सगळ्या रस्त्याने मिळून घेतलेला आहे.

डेस : ने. पण तुला मोजता कुठे येतं?

नोलीन : नाहीच येत. म्हणून तर एकोणीस वर्षं तुला विचारत होते.