दोन अधिक तीन गुणिले चार

दाताच्या दवाखान्यात ड्रायव्हर सुजलेला गाल धरून बसला होता. समोरच्या बाकावर मायलेकी होत्या. वही लेकीच्या हातात होती, पण परीक्षा होती आईची, नर्सिंगची.

"दोन अधिक तीन गुणिले चार. किती?"

"वीस."

ड्रायव्हरनेही मनातल्या मनात वीसच केले होते.

"चौदा, आई. गुणाकार आधी करायचा."

"का? अधिक तर आधीपासून येऊन उभं आहे."

"इथे रांग नसते गं. तीन चोक बारा, त्यात दोन मिळव."

"मग दोन आणि तीन पाच झालेच नाहीत?"

"नाही."

"डोकंच चालेना बघ माझं."

"बरं, पेशंटला आत्ता दोन गोळ्या दिल्यास. नंतर दिवसभरात चार वेळा तीन-तीन. एकूण किती?"

"दोन... आणि बारा. चौदा."

"आलं की!"

आईचा चेहरा मात्र उतरला.

"गेल्या वर्षी पेपरात हेच होतं. मी वीस लिहिलं."

"जाऊ दे, गेले ते मार्क."

"मार्कांचं नाही गं. सहा गोळ्या जास्त दिल्या मी त्या पेशंटला."

"आई, पेशंट कागदावरचा होता!"

"हो गं. पण गोळ्या मी दिल्या ना."