कलम सतरा आणि चौथ्या-पाचव्याच्या मधली लिफ्ट

अहो, मान्य! एकदम मान्य! लिफ्ट रोज दुपारी एक वाजता चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये थांबते, वीस-पंचवीस मिनिटं हलत नाही, तुम्ही सगळे खाली ताटकळता, सहाव्या मजल्यावरच्या बाईंचे गुडघे दुखतात, आणि या इमारतीचा लिफ्टवाला मी आहे... सगळं मान्य! पण तक्रारीवर सह्या करण्याआधी माझं ऐकून तर घ्याल? कारण तुम्हाला सांगतो, यात लिफ्टचा काडीचा दोष नाही. मोटर ठणठणीत, दोर नवे, दरवाजे लोण्यासारखे सरकतात. दोष आहे तो साहित्याचा! हसताय? हसा, हसा. मीही हसायचो. कारण मी वाचणारा माणूस नाही हो!

शाळेत धडा वाचायला उभं केलं की माझ्या पोटात दुखायचं. घरी पेपर येतो, मी फक्त तारीख बघतो. औषधाच्या बाटलीवर काय लिहिलंय तेसुद्धा वाचत नाही, बायको सांगते तितके चमचे घेतो आणि झोपतो. आणि अशा माणसाला बायको कोण मिळावी? लेखिका! त्यातही साधीसुधी नाही, परग्रहावरची! म्हणजे बाई इथलीच आहे, गोष्टी परग्रहावरच्या लिहिते. यंत्रमानव काय, तीन डोक्यांचे राजे काय, भविष्यातून परत आलेली माणसं काय... मी म्हणायचो, "अगं, एवढं भविष्यातलं दिसतं तुला, तर गॅस कधी संपणार तेवढं आधी सांगत जा ना!" ती म्हणायची, "अहो, तुम्ही तुमचे नट-बोल्ट बघा." मी बघायचो. सव्वीस वर्षं बघितले. तिची एक ओळ म्हणून वाचली नाही.

आता असल्या गोष्टींवर जीव टाकणाऱ्या लोकांचं एक मंडळ आहे. अवकाशवेडे मंडळ. नाव त्यांनी स्वतःच ठेवलंय बरं का, मी नाही! एकसष्ट सभासद. अध्यक्ष दातांचे डॉक्टर. हा माणूस दाढ काढता काढता पेशंटला परग्रहावरच्या राज्यांची भांडणं सांगतो, आणि पेशंटचं तोंड उघडं असल्यामुळे त्याला 'पुरे' म्हणता येत नाही. आमची ही त्यांचं महिन्याचं बातमीपत्र काढते. 'तबकडी वार्ता'. त्यात काय वाट्टेल ते असतं हो! एका बाजूला 'परग्रहावर जीवसृष्टीची शक्यता', आणि त्याच्याच खाली 'गेल्या सभेतून चुकून कोणाची छत्री गेली असल्यास परत करावी'. आणि यांचा वर्षातून एकदा पुरस्कार असतो. सोनेरी तबकडी! दोन पितळी झाकणं उलटसुलट जोडून बनवलेली. पहिल्यांदा बघितली तेव्हा मी विचारलं, "याच्या आतलं भांडं कुठंय?" तर ही चार दिवस बोलली नाही.

या पुरस्काराची एक गंमत आहे. मतपत्रिकेवर चार कथांची नावं असतात, आणि पाचवी ओळ असते, 'यंदा कोणालाच नको'. हो! तेही एक उमेदवार! कथा बेताच्या वाटल्या तर लोकांनी त्यालाच मत द्यायचं. तर आमच्या हिला पाच वर्षं नामांकन मिळालं, आणि पाचही वर्षं तबकडी हुकली. चार वेळा माणसांकडून हरली, ते ठीक आहे, माणसाने माणसाकडून हरावं. पण गेल्या वर्षी? 'कोणालाच नको'कडून हरली! समोर कुणीही नव्हतं, तरी हरली! घरी येऊन हसली हो ती, म्हणाली, "बरं झालं, निदान अभिनंदन कोणाचं करावं लागलं नाही." आणि मग स्वयंपाकघरात जाऊन स्वच्छ भांडी पुन्हा घासत बसली. मला लिफ्टमधलं कळतं, घासलेली भांडी पुन्हा घासणाऱ्या बायकोचं काय करायचं ते कळत नाही. मी टीव्हीचा आवाज कमी केला, बस, तेवढंच.

आणि यंदा, सहाव्या वर्षी, मध्ये आलो मी. कलम सतरामुळे! यांच्याकडे चौसष्ट कलमांची नियमावली आहे, आणि ती तोंडपाठ असलेल्या एक बाई आहेत, त्यांना सगळे कलमताई म्हणतात. कलम सतरा असं की, मतं मोजणाऱ्याने स्पर्धेतली एकही कथा वाचलेली नसावी. का, तर वाचली की माया जडते आणि हात वाकडा पडतो. आता मला सांगा, वाचनवेड्यांच्या मंडळात न वाचलेला माणूस आणायचा कुठून? तर आमची ही उभी राहिली आणि काय अभिमानाने म्हणाली, "माझ्या नवऱ्याने काहीच वाचलेलं नाही. कधीच!" टाळ्या पडल्या हो! कोणीतरी म्हणालं, पण हे तर उमेदवाराचे यजमान. कलमताईंनी पानं उलटली, चष्मा वर केला, "नवरा चालतो. वाचक चालत नाही." झालो मी मतमोजणी अधिकारी! आयुष्यात पहिल्यांदा न वाचल्याचा मान मिळाला. कॉलर ताठ करून हिंडत होतो मी.

आणि नेमका त्याच आठवड्यात अडकलो. कुठे? याच लिफ्टमध्ये! चौथ्या-पाचव्याच्या मध्ये! आतून काही करता येत नाही, वर मशीनच्या खोलीत जावं लागतं, आणि वर जाणारा माणूस तर मीच, आत उभा! घंटा वाजवावी तर ती बंद. तिच्यावर चिठ्ठी चिकटवलेली, 'उद्या बघू'. अक्षर माझंच! अडीच तास, तुम्हाला सांगतो, अडीच तास. हत्यारं दोनदा पुसली, बटणं मोजली, डबा खाल्ला. आणि मग हातात काय उरलं? डब्याभोवती गुंडाळलेला कागद! आमची ही बातमीपत्राच्या तपासून झालेल्या कागदांत डबा गुंडाळते. मी म्हटलं, बघू तरी छत्री सापडली का कुणाची. म्हणून वाचायला लागलो हो, देवाशपथ, छत्रीसाठी!

तर छत्री नव्हती. एक लिफ्ट होती. जमिनीपासून थेट आभाळात जाणारी. पोचायला एकोणीस वर्षं. आणि तिच्यात एकटा एक मेकॅनिक, जो मोटर अडली की तिला म्हणतो, "चल गं माझे बाई, रुसू नकोस." मी हादरलो! हे वाक्य माझं आहे! तो बोल्ट आवळताना नाकाने सूर धरतो, तेही माझंच! आणि त्या लिफ्टमध्ये आवाज येतो ना, 'दरवाजा बंद होत आहे', तो आवाज कोणाचा? खाली जमिनीवर राहिलेल्या त्याच्या बायकोचा! ती रोज एक नवीन वाक्य बोलून वर पाठवते. आज अंगणात ऊन छान आहे... आज तुमचा सदरा उसवलेला सापडला, शिवून ठेवला... आणि हा पठ्ठ्या? हा बोल्ट आवळतोय! एका शब्दाने उत्तर देत नाही! मी लिफ्टमध्ये ओरडलो, "अरे, बोल की गाढवा!" आणि तिथे कागद संपला. अर्धीच गोष्ट! उरलेली अर्धी कुठल्यातरी दुसऱ्या डब्याभोवती!

आता शहाण्या माणसाने काय करावं? विसरून जावं. कारण कागदाच्या डोक्यावरच छापलं होतं, ही गोष्ट स्पर्धेतली, ही गोष्ट आमच्या हिची, आणि मी मतमोजणी अधिकारी. अर्धी वाचली ती चुकून, अडकल्यामुळे. त्याला कलम सतराने माफ केलंही असतं. पण लिफ्ट कंपनीचा माणूस आला, मी सुटलो आणि तडक घरी गेलो. ही बाजारात गेली होती. मी कपाटं उघडली, गादी उचलली, पिठाच्या डब्यामागे हात घातला... चोर बरा हो, तो निदान काय चोरायचं ते ठरवून येतो! शेवटी शिलाईच्या मशीनखाली सापडले कागद. उभ्याउभ्याच वाचले. शेवटी म्हणे एकोणीस वर्षांनी लिफ्ट आभाळात पोचते, दरवाजा उघडतो, आणि तेव्हा तो पहिल्यांदा त्या आवाजाला म्हणतो, "ऐकत होतो हं मी." बस. संपली गोष्ट. आणि मी, पन्नाशी ओलांडलेला माणूस, मशीनच्या स्टुलावर बसून ढसाढसा रडलो. खोटं कशाला सांगू? रडलो. मी वाचणारा माणूस नाही हो, मला सवय नव्हती!

मतं मोजली मी, दार लावून. पद्धत अशी की प्रत्येकाने पसंतीचे नंबर घालायचे; ज्या कथेला सगळ्यात कमी मतं, ती बाद, तिचे कागद त्यांच्या दुसऱ्या पसंतीकडे. एकेक बाद होत शेवटी राहिले दोघे. आमची ही, आणि कोण? 'कोणालाच नको'! पुन्हा तोच मेला! तीन कागदांवर खाडाखोड होती. ते मी मुद्दाम हिच्या विरोधात टाकले, म्हटलं, माया नको आडवी यायला. आणि आकडा आला... हिला एकतीस, त्याला तीस. एका मताने! सहाव्या वर्षी! मला नाचावंसं वाटलं, आणि त्याच वेळी घाम फुटला. कारण बोललो तर मोजणी रद्द आणि हिची तबकडी गेली. नाही बोललो तर तबकडी घरात येणार आणि मी तिच्याखाली बसून रोज जेवणार, चोरासारखा. आणि हिला कधीच कळणार नाही की मी वाचली. मला सांगा, काय करायचं माणसाने?

रविवारी सकाळी सभा. न्हाव्याच्या दुकानावरचा हॉल. दंतवैद्यांनी पाकीट फोडलं, घसा खाकरला, "यंदाची सोनेरी तबकडी..." आणि मी उभा! "थांबा! मी वाचली!" कलमताई उभ्या राहिल्या, पोलिसासारख्या, "काय वाचलंत? कधी? किती?" मी म्हटलं, "हिची गोष्ट. अर्धी चुकून. अर्धी मुद्दाम." बोंबला! कोण म्हणतंय रद्द करा, कोण म्हणतंय पुरस्कार पुढच्या वर्षी द्या. आणि मी बघतोय फक्त हिच्याकडे. मला वाटलं, आता ही उठून जाणार. तर ती तबकडीचं काही बोललीच नाही हो. इतक्या गोंधळात हळूच म्हणाली, "मुद्दाम वाचलीत?" मी म्हटलं, "मशीनखालून काढून." मग पदर डोळ्यांना लावून बसली. बाजूच्यांना वाटलं पुरस्कार गेला म्हणून रडतेय. मला माहीत होतं कशासाठी ते. आयुष्यात पहिल्यांदा, मला माहीत होतं!

कलमताई म्हणाल्या, मोजणी पुन्हा, आत्ताच, न वाचलेल्या माणसाकडून. न वाचलेला कुठे? दंतवैद्य धावत जिना उतरले आणि खालच्या न्हाव्यालाच घेऊन आले, खांद्यावर टॉवेल, हातात वस्तरा. त्याच्यामागून त्याचं गिऱ्हाईक, अर्ध्या गालाला फेस! "माझी दाढी अर्धी टाकून चाललात कुठे?" कलमताईंनी न्हाव्याला विचारलं, "यातली एक तरी कथा वाचलीत?" तो म्हणाला, "बाई, अक्षरओळख आहे, पण मी माझ्या दुकानाची पाटीसुद्धा वाचलेली नाही, ती पेंटरने वाचून दाखवली." काय माणूस! माझ्याहून सरस! बसला मोजायला. वस्तऱ्याच्या टोकाने एकेक कागद सरकवतोय, गिऱ्हाईक फेसासकट शेजारी साक्षीदार. खाडाखोडीचे तीन कागद आले. त्याने उजेडात धरले, म्हणाला, "यात शंका कसली? स्वच्छ पहिला नंबर दिलाय की बाईंना!" चौतीस! आणि 'कोणालाच नको' सत्तावीस! हरला मेला! अहो, हॉल डोक्यावर घेतला लोकांनी, दंतवैद्य खुर्चीवर चढून नाचले, गिऱ्हाइकाने फेसभरल्या गालाने माझा मुका घेतला. हिने तबकडी घेतली, खाली उतरली आणि मला विचारलं काय, तर, "शेवट कसा वाटला?" मी म्हटलं, "त्या गाढवाने जरा लवकर बोलायला हवं होतं." अशी हसली ना...

आता तुम्ही म्हणाल, छान झालं, पण आमच्या लिफ्टचं काय? सांगतो ना! त्या गोंधळात कलमताईंनी पान उलटलं. कलम अठरा. मोजणाऱ्याने वाचल्याचं कबूल केलं, तर तो त्या क्षणापासून सभासद, आणि शिक्षा म्हणून पुढच्या वर्षीच्या वाचन समितीवर! आलेली प्रत्येक कथा वाचायची. किती आल्या? एकशे बारा! आमची ही एवढी खूश, रोज एका कथेचा पहिला अर्धा भाग डब्याभोवती गुंडाळते. उरलेला अर्धा घरी, संध्याकाळी, तोही आधी तोंडी परीक्षा घेऊन! आता या इमारतीत वाचायचं कुठे? खाली बसलो की, लिफ्टवाले, पंखा बघा. जिन्यात बसलो की, लिफ्टवाले, नळ गळतोय. ज्या जागी मला कोणी हाक मारू शकत नाही अशी जागा एकच... चौथ्या-पाचव्याच्या मध्ये. थांबवायचा-सोडायचा खटका आता आतच बसवून घेतलाय मी.

आज सदतिसावी झाली. पंच्याहत्तर राहिल्यात, दिवसाला एक. तोवर जिना आहे ना? वापरा की! सहाव्या मजल्यावरच्या बाईंना मी स्वतः हात धरून चढवीन. पण वीस मिनिटांत अर्धी कथा वाचून संपेल एवढी घाई मला करायला लावू नका... काय करणार, मी वाचणारा माणूस नाही हो, मला वेळ लागतो!