वीस फोन

२००४ साली दिल्लीत आर. के. पुरमच्या स्टॉपवर मी गुडगावच्या बसची वाट बघत होतो. रांगेत माझ्यापुढे बापलेक मराठीत बोलत होते. मुलीच्या हातात गोदामाचा नकाशा होता.

"बाबा, आज माझं पहिलं प्रेझेंटेशन! पूर्ण गोदामात वायरलेस नेटवर्क आणि वीस मोबाइल फोन!"

"फोन कोणाला?"

"मॅनेजरांना. मालकांनीच यादी दिलीय."

"ते बसतात कुठे?"

"वरच्या केबिनमध्ये."

"टेबलावर फोन नाही त्यांच्या?"

"आहे की."

"मग माल कुठे ठेवलाय ते कोण बघतं?"

"खाली हमाल बघतात. मॅनेजरने विचारलं की ते रॅकपाशी जातात, बघतात आणि वर येऊन सांगतात."

"दिवसातून किती वेळा?"

"चाळीस तरी... अरे यार, बाबा! फोन हमालांना द्यायला हवेत!"

"हळू, समता. लोक बघतायत."

"बघू देत! पेन द्या. अँटेनाही मग केबिनबाहेर नकोत, रॅकच्या गल्ल्यांमध्ये हव्यात. सगळा प्लॅनच बदलतेय मी!"

"मालक विचारतील, ही आयडिया कुठून आणलीस?"

"तुमच्याकडून."

"कॉलेजातून म्हण. शिपायाची आयडिया म्हणून सांगणार का?"

"बिल्कुल सांगणार! माझे बाबा बत्तीस वर्षं सरकारी ऑफिसात शिपाई होते, असंच सांगणार."

"मग पुढचंही सांग. घंटी साहेबांच्या टेबलावर असायची आणि जिने मी चढायचो."